कुष्ठरुग्णाचे हात आणि काम: एका प्रश्नाचा इतिहास



आजारी माणसाला, किंवा आजारातून उठलेल्या पण पूर्वीसारखा न राहिलेल्या माणसाला काम द्यायचं का, कोणतं द्यायचं आणि किती द्यायचं, हा प्रश्न आज मोठ्या कंपन्यांत वगैरे चर्चिला जातो. त्यामुळे तो नवा आहे असा आपला समज होतो. तो नवा नाही. महाराष्ट्रात तो शंभराहून अधिक वर्षं विचारला जातोय, आणि एका रोगाच्या निमित्ताने तो फार खोलवर विचारला गेला. तो रोग म्हणजे कुष्ठरोग. आमच्या लहानपणी याला महारोग किंवा रक्तपिती म्हणत, आणि तो शब्दसुद्धा आवाज खाली आणून उच्चारला जाई.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस आहे, वैद्यकाचा नाही. म्हणून मी रोगाबद्दल कमी आणि कामाबद्दल जास्त बोलणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते पटतंय की नाही हे तुम्हाला ऐकता ऐकता तपासता येईल. 'याला काम जमेल का?' या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक पिढीने रुग्णाच्या हातात शोधलं. बोटं किती उरली, पकड आहे की नाही, एवढंच पाहिलं. इतिहास पाहिला तर उत्तर बरेचदा त्या हाताच्या बाहेर सापडतं. ते अवजाराच्या मुठीत असतं, बाजारात असतं, कायद्याच्या कलमात असतं.

कायद्यापासूनच सुरुवात करू. त्याच्या मागे थोडी मुंबईची पार्श्वभूमी आहे. १८९० साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांनी माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उघडलं. आज ते वडाळ्याचं ॲक्वर्थ रुग्णालय म्हणून ओळखलं जातं. हेच ॲक्वर्थ मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना वेगळ्याच कारणाने ठाऊक असतात. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर त्यांनी मराठी पोवाडे जमवले, छापले, पुढे काहींचं इंग्रजी भाषांतरही केलं. एकच माणूस शाहिरांचे पोवाडे गोळा करतो आणि रस्त्यावरचे महारोगीही गोळा करतो, ही एकोणिसाव्या शतकाची गंमत आहे. असो. शहराच्या दृष्टीने हेतू दुहेरी होता: दया आणि सफाई. रस्त्यावर जखमा दाखवून भीक मागणारे लोक दिसू नयेत ही सफाई, आणि त्यांना छप्पर, अन्न, औषधपाणी मिळावं ही दया. आत गेल्यावर धडधाकट रुग्णांकडून बागकाम, शेतीकाम करून घेतलं जाई. म्हणजे 'हे लोक काम करू शकतात' हे भिंतीच्या आत कोणालाच नवीन नव्हतं.

मग आला १८९८ चा कायदा, 'लेपर्स ॲक्ट'. हा कायदा मूळातून वाचण्यासारखा आहे. लहान आहे, पाऊण तासात वाचून होतो. त्यात 'निर्धन कुष्ठरोगी' अशी एक व्याख्या आहे. जो उघडपणे भीक मागतो तो, किंवा ज्याला उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही आणि जो मोकळा फिरतो आहे तो. अशा माणसाला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकत, आणि मॅजिस्ट्रेट त्याला आश्रयस्थानात पाठवू शकत. आता याच कायद्याचं नववं कलम बघा. अधिसूचना निघालेल्या भागात कुष्ठरोग्याने खाण्यापिण्याचे पदार्थ विकण्यासाठी तयार करायचे नाहीत, विकायचे नाहीत, औषधं आणि कपडे विकायचे नाहीत, सार्वजनिक विहिरीवर किंवा तळ्यावर अंघोळ करायची नाही, पाणी भरायचं नाही, भाड्याचं वाहन हाकायचं नाही, त्यात बसायचंही नाही. रेल्वेचा डबा मात्र यातून वगळला होता! शिवाय सरकार अधिसूचनेने आणखी कोणताही धंदा मना करू शकत असे. आणि अशा मना केलेल्या धंद्यात जाणूनबुजून त्याला कामाला ठेवणाऱ्या मालकालाही दंड होता.

दोन्ही कलमं शेजारी ठेवा. एक कलम म्हणतं, तुझ्याकडे उपजीविकेचं साधन नसेल तर तुला पकडू. दुसरं म्हणतं, ही ही साधनं तू वापरायची नाहीत, आणि तुला कामाला ठेवणाऱ्यालाही सोडणार नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात मी हे उदाहरण बऱ्याचदा दिलं आहे. दोन्ही बाजूंनी अडकवणारी कोंडी कशी असते हे समजावायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालं नाही. गंभीर गोष्ट अशी की हा कायदा केंद्राच्या पातळीवर रद्द झाला तो २०१६ साली. नवं औषध येऊन गेलं, देश स्वतंत्र होऊन गेला, बहुविध औषधोपचार सुरू होऊन गेले, तरी कायदा आपला कागदावर बसून होता.

या कायद्याला न जुमानता, किंवा त्याच्या शेजारून वाट काढत, विसाव्या शतकात विदर्भात काही माणसांनी वेगळा प्रयोग केला. विदर्भातच का? वर्ध्याला गांधी आणि विनोबा होते हे एक कारण. १९३६ मध्ये मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली. विनोबांच्या परिवारातला हा माणूस. शरीरश्रम हे व्रत मानणाऱ्या लोकांनी रुग्णसेवा हाती घेतली की साहजिकच रुग्णाच्या हातातही सूत, फावडं येतं. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभं केलं. या दोन्ही संस्थांबद्दल महाराष्ट्र पुरेसं बोलत नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे.

सेवाग्रामचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. परचुरे शास्त्री नावाचे संस्कृतचे विद्वान येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर होते. त्यांना कुष्ठरोग झाला आणि ते सेवाग्रामला आले. गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करत, हे छायाचित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पण छायाचित्रात न दिसणारी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. शास्त्रीबुवा आश्रमात संस्कृत शिकवत होते. आश्रमातल्या लग्नात त्यांनी पौरोहित्य केलं. आपल्या समाजात ज्या माणसाच्या सावलीपासून लोक दूर पळत, त्याने अंतरपाटाशी उभं राहून मंगलकार्य पार पाडलं! मालीश म्हणजे सेवा, करुणा. पौरोहित्य म्हणजे काम, आणि तेही त्या माणसाला येत असलेलं, त्याच्या विद्येचं काम. या दोन गोष्टींत फरक आहे. पहिलीत शास्त्री घेणारे होते. दुसरीत इतरांना त्यांची गरज होती.

आता आनंदवन. बाबा आमटे यांची गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की मी ती भरभर सांगतो. वकील माणूस, वरोऱ्याच्या नगरपालिकेत पदाधिकारी, भंगीकाम करताना पावसात पडलेला एक मरणासन्न कुष्ठरोगी दिसला, भीती वाटली, आणि त्या भीतीचीच लाज वाटली. पुढे कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या संस्थेत शिक्षण, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती, आणि मग वरोऱ्याजवळची खडकाळ जमीन. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. हे भांडवल.

पहिलं काम विहीर खणण्याचं. पाण्याशिवाय काहीच होणार नव्हतं. चंद्रपूरकडचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे काय असतं ते सांगायला नको. बोटं वाकलेली, तळव्यांना स्पर्श कळत नाही, अशा माणसांनी ती विहीर खणली. जमीन पिकू लागली, भाजी आली, दूध आलं. इथपर्यंतची गोष्ट प्रेरणादायी म्हणून सांगतात आणि थांबतात. माझी खरी उत्सुकता पुढच्या पानावर आहे. ती भाजी वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेईना.

नीट बघा काय झालं ते. हात जमिनीला पुरे पडले. पीक आलं. कामाची कसोटी माणसं उतरली होती. तरीही काम निष्फळ ठरत होतं, कारण खरेदीदाराच्या मनात भीती होती. म्हणजे अडचण कामगाराच्या शरीरात नव्हती, गिऱ्हाइकाच्या मनात होती. ती कशी हटली? व्याख्यानं देऊन नाही. पन्नाशीच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, रुग्णांबरोबर बांधकाम केलं, तिथलंच जेवले. वरोऱ्याचे लोक बघत होते. गोऱ्या पाहुण्यांना काही होत नाही म्हटल्यावर भीड चेपली. (यात आपल्या गुलामी मनाचाही थोडा वाटा असणार, पण तो विषय वेगळा.) पुढे १९६४ मध्ये आनंद निकेतन महाविद्यालय उभं राहिलं. रुग्णांच्या श्रमातून झालेल्या इमारतींत गावची निरोगी मुलं शिकायला जाऊ लागली. भाजी न घेणाऱ्या गावाने मुलं पाठवली.

आनंदवनात मग हातमाग, सुतारकाम, पत्र्याचे डबे, छपाई असं बरंच काही आलं. बाबांचा आग्रह होता की दानाने माणूस खचतो आणि श्रमाने उभा राहतो. या विचाराचं सामर्थ्य मी नाकारत नाही. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे एक शंका यायलाच हवी. ज्याला श्रम करताच येत नाहीत त्याचं काय? काम हीच माणूसपणाची खूण ठरवली, तर अंथरुणाला खिळलेली म्हातारी कुष्ठरोगी बाई माणूस नाही का? कांटने किंमत आणि प्रतिष्ठा यांत फरक केला होता. ज्याच्या बदल्यात दुसरं काही ठेवता येतं त्याला किंमत असते. माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते, आणि ती कमवावी लागत नाही. आनंदवनाने व्यवहारात हे ओळखलं, अपंग-वृद्ध रुग्णांची तिथे सोय झाली. पण आपण बाहेरचे लोक आनंदवनाची गोष्ट सांगताना बहुधा विहीर खणणाऱ्यांचीच सांगतो. न खणू शकणाऱ्यांची सांगत नाही. आरोग्याच्या अडचणी असलेल्या माणसाला कामात सामावून घ्या असं म्हणताना, काम न करणाऱ्याला आपण नकळत खालच्या पायरीवर ढकलत नाही ना, हे बघितलं पाहिजे.

आता थोडं दक्षिणेकडे, वेल्लोरला जाऊ. कारण हाताचा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने तिथे सोडवला गेला, आणि हात सुधारूनही प्रश्न सुटत नाही हेही तिथेच कळलं. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. तोपर्यंत सर्वसाधारण समज असा की या रोगात मांस सडतं आणि बोटं झडतात. ब्रँड यांच्या निरीक्षणातून निघालं ते वेगळंच. रोग मज्जातंतूंवर हल्ला करतो. वेदना जाते. वेदना गेली की माणूस तापलेलं भांडं धरून ठेवतो, खिळा रुतलेल्या पायाने चालत राहतो, रात्री उंदराने बोट कुरतडलं तरी त्याला जाग येत नाही. बोटं रोगाने जितकी जातात त्याहून अधिक या रोजच्या इजांनी जातात. आणि काही स्नायू लुळे पडले तरी काही शाबूत राहतात. मग शाबूत स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, वळवून लुळ्या बोटाला जोडता येते. वाकलेली मूठ उघडते.

मोठी गोष्ट होती ती. पण शस्त्रक्रिया झालेल्या एका तरुणाने ब्रँड यांच्याकडे येऊन तक्रार केली की हे हात भीक मागायच्या कामाचे राहिले नाहीत. पूर्वी वाकडी बोटं पाहून लोक पैसे टाकत. आता बोटं सरळ झाली म्हणून भीक मिळत नाही, आणि महारोगी होता म्हणून काम मिळत नाही. १८९८ च्या कायद्याची कोंडी पुन्हा हजर! या वेळी कायद्याने नाही, समाजाने घातलेली.

ब्रँड यांनी यातून 'न्यू लाइफ सेंटर' काढलं. तिथे रुग्ण सुतारकाम शिकत, लाकडी खेळणी बनवत. आणि इथे त्यांना अवजारांकडे बघावं लागलं. बधिर हात पकडीचा अंदाज घेऊ शकत नाही, तो गरजेपेक्षा जोरात धरतो, मग बारीक मुठीचं अवजार तळव्यात रुततं. उपाय काय? मूठ जाड करा, गुळगुळीत करा, धातूच्या जागी लाकूड वापरा, गरम भांड्याला वेगळा दांडा लावा. काम संपलं की रोज हात-पाय तपासा. उपाय इतके साधे की त्यांना कोणी शोध म्हणणार नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने इथे एक वळण आहे. तोवर माणूस कामाला बसतो का ते पाहिलं जात होतं. इथे काम माणसाला बसवलं गेलं.

इंग्लंडमध्ये क्षयरोगाच्या निमित्ताने असाच एक प्रयोग आधी झाला होता, त्याचा उल्लेख करतो कारण आपल्या कायद्याचा धागा तिकडे जातो. केंब्रिजजवळ पॅपवर्थ इथे डॉ. पेंड्रिल व्हॅरियर-जोन्स यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात क्षयरुग्णांची वसाहत वसवली. तिथे कोणी किती तास काम करायचं हे डॉक्टर ठरवत, औषधाच्या मात्रेसारखं. पुढे १९४४ मध्ये ब्रिटनने कायदाच केला की वीस किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाने तीन टक्के जागा अपंगांना द्याव्यात. तो फारसा पाळला गेला नाही, आणि १९९५ च्या नव्या कायद्याने तो कोटा काढून टाकला. त्याऐवजी मालकावर 'वाजवी बदल' करण्याची जबाबदारी टाकली. आपल्याकडे नेमक्या त्याच १९९५ साली अपंग व्यक्ती कायदा झाला, आणि त्यात सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के आरक्षण आलं. मला कोटा निरुपयोगी वाटत नाही. दार उघडायला तो लागतो. पण आत आल्यावर खुर्ची कशी, वेळ काय, जिना किती, हे प्रश्न कोटा सोडवत नाही.

त्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाच्या यादीत 'कुष्ठमुक्त' माणूस होता. आरक्षणाच्या कलमात मात्र अंध, कर्णबधिर आणि हालचालीचं अपंगत्व असलेले एवढ्यांचीच नावं होती. कुष्ठमुक्ताचं नाव तिथे थेट आलं ते २०१६ च्या कायद्यात, आरक्षण चार टक्के झालं तेव्हा. १९९५ च्या कायद्याचं एक कलम मात्र फार चांगलं होतं, सत्तेचाळिसावं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढायचं नाही, हुद्दा कमी करायचा नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं. पाय गमावलेल्या एका जवानाच्या खटल्यात, कुणाल सिंग प्रकरणात, २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ठामपणे लावलं. तेच न्यायालय २००८ मध्ये मात्र ओडिशाच्या नगरपालिका कायद्यातली, कुष्ठरुग्णाला निवडणूक लढवायला बंदी करणारी तरतूद उचलून धरतं. नगरसेवकपण हेही कामच आहे ना?

मी ज्या महाविद्यालयांत शिकवलं त्यांपैकी एकात एक लिपिक होते. त्यांचा उपचार पूर्ण झाला होता, डॉक्टरांचा दाखला होता. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. अक्षर मोत्यासारखं, कारण त्यांनी लेखणीला कापडाची पट्टी गुंडाळून जाड केली होती. वेल्लोरचं नावही त्यांनी ऐकलं नसेल. गरजेने शिकलेलं शहाणपण ते. पण फी भरायला आलेल्या पालकांपैकी कोणीतरी कुजबुज केली, आणि त्यांना खिडकीवरून उठवून मागच्या रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. पगार तोच, हुद्दा तोच. कागदोपत्री काहीच अन्याय नाही. चहा मात्र त्यांना वेगळ्या कपात. सत्तेचाळीस कलम तेव्हा अस्तित्वात नव्हतं, पण असतं तरी या खोलीबद्दल ते काय म्हणालं असतं? पगार आणि हुद्दा राखला होता ना! काढलं होतं ते लोकांसमोर असणं. ते गृहस्थ तिथूनच निवृत्त झाले. निरोप समारंभात भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं.

२०१६ च्या कायद्यात 'वाजवी सोय' हा शब्दप्रयोग व्याख्येसकट आला आहे: अवाजवी बोजा न पडता करता येतील असे आवश्यक आणि योग्य बदल. जाड मूठ कायद्याच्या भाषेत आली असं मी म्हणेन. आता तो प्रश्न कुष्ठरोगापुरता राहिलेला नाही. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घेणारा शिक्षक, केमोथेरपी चालू असलेली बँकेतली बाई, मधुमेहाने तळपाय बधिर झालेला बसचा कंडक्टर. त्या कंडक्टरच्या पायाची स्थिती वेल्लोरच्या रुग्णांच्या पायांसारखीच असते, आणि कसा बूट, किती वेळ उभं राहणं, रोज पाय तपासणं, हे उपायही तेच आहेत. फरक एवढाच की त्याला कोणी वेगळा कप देत नाही. मात्र 'फिट' असल्याचा दाखला आणा असं म्हणतात, आणि दाखल्यावर दोनच रकाने असतात: काम करण्यास योग्य, किंवा अयोग्य. बसून करता येईल, सकाळच्या पाळीत करता येईल, दर दोन तासांनी विश्रांती मिळाली तर करता येईल, असा तिसरा रकाना मी तरी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. पॅपवर्थचे डॉक्टर शंभर वर्षांपूर्वी तोच रकाना भरत होते.

पुढच्या वेळी मुंबईच्या गिरण्या आणि कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार हा विषय घेऊ. तिथे कामानेच आजारी पाडलेल्या माणसाला पुन्हा कामाचं विचारायचं असतं, त्यामुळे गणित आणखी अवघड होतं. आता प्रश्न घेतो. मागच्या रांगेतून आधी, त्यांना नेहमी शेवटी संधी मिळते.